ग्रंथांनी दिलेले उत्तर

कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेट स्पेनच्या अमलाखाली असताना, १८७४ साली, तेथे आर्तुरो शोम्बुर्ग यांचा जन्म झाला. आई आफ्रिकी वंशाची, भाषा स्पॅनिश. काळ्या लोकांस इतिहासच नाही, असे शाळेतील एका शिक्षकाने त्यांना ऐकविले, असे सांगतात. या बोलास त्यांनी वादाने नव्हे, पुराव्याने उत्तर दिले. १८९१ साली ते न्यूयॉर्कला गेले. पुढे पेढीतील नोकरी सांभाळून त्यांनी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या कवयित्री फिलिस व्हीटली यांचे काव्य, हैतीचे मुक्तिनेते तूसाँ यांचे कागद, अशी सहस्रावधी साधने जमविली. १९२६ साली हा संग्रह १०,००० डॉलरांस खरेदी होऊन तेथील सार्वजनिक ग्रंथालयात आला. १९३२ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनीच तो सांभाळला. त्या नाकारलेल्या इतिहासाचे अभ्यासक आज हार्लेममध्ये त्यांच्याच नावाच्या संस्थेकडे वळतात.