उंदराच्या मुतातलं ओळखपत्र

उंदराच्या मुतात प्रथिनांची रेलचेल असते. माणसाच्या लघवीत एवढी सापडली तर डॉक्टर हबकतील. यकृतात बनणारी ही प्रथिनं वासाचे रेणू पोटात धरून सावकाश सोडतात, त्यामुळे नराने आखलेली हद्द बराच वेळ दरवळते. ‘डार्सिन’ हे प्रथिन तर स्वतःच मादीला ओढून आणतं. २०१० साली त्याचं नाव जेन ऑस्टिनच्या मिस्टर डार्सीवरून ठेवलं गेलं. (शास्त्रज्ञही कादंबऱ्या वाचतात!)

घरच्या उंदरात ही प्रथिनं बनवणारी २१ चालू जनुकं आहेत, एका मूळ जनुकाच्या नकला होत होत वाढलेली. काही नकला वाटेतच मोडल्या, त्यांचे सांगाडे शेजारीच पडून आहेत. रॅटमध्ये चालू जनुकं नऊ, पण ती वाढ वेगळी, स्वतंत्रपणे झालेली. कुत्र्याकडे एकच. माणसाकडेही एकच, तेही बंद पडलेलं.