विरजणाचा ऊत : संधानकल्पनेतील एक उपेक्षित बाब

आसव-अरिष्टाचे संधान बिघडले की दोष सहसा धायटीच्या फुलांना, गुळाला नाहीतर हवेला दिला जातो. ज्या भांड्यात विरजण उकळले त्या भांड्याच्या आकाराकडे कोणी बोट दाखवीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे विरजण करताना क्वाथ उतू जाण्याचा, विचार करणार आहोत. मोठ्या कारखान्यांत वाफेच्या कढया असतात, देखरेखीला माणसे असतात. वर्सोव्यासारख्या ठिकाणी मात्र पाच-दहा लिटरांचे संधान दवाखान्यामागच्या छोट्या खोलीत, घरगुती शेगडीवर आणि बऱ्याचदा रुग्ण तपासता तपासता होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या ३३ ईईसी कलमाने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला उत्पादनविषयक बंधनांतून सूट दिली आहे. परिशिष्ट 'टी'मधील उत्तम निर्माण पद्धतीच्या अटीही अशा वैद्याला लागू नाहीत. सूट असल्यामुळे तपासायला कोणी येत नाही, आणि म्हणून काळजीचा सारा भार आपल्यावरच पडतो.

विरजण हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. शार्ङ्गधरांनी सुराबीज आणि किण्व ही नावे दिली आहेत. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद, तांदूळ आणि मोरटादी द्रव्यांपासून किण्व बांधण्याची कृतीही सांगितली आहे. आपल्याकडे उत्तर मुंबईच्या किनाऱ्यावरील ईस्ट इंडियन घरांत फुग्यांचे पीठ ताडीने फुगवीत, तेही विरजणच. धायटीच्या फुलांबरोबर किण्व येते हे खरे. पण बाजारात मिळणारे फूल किती जुने, किती वाळलेले, हे आपल्या हाती नसते. वर्सोव्याच्या पावसाळी, खाऱ्या, दमट हवेत संधान सुरू व्हायला चार दिवस लागले तर तेवढ्यात बुरशी आणि आंबटपणा आणणारे जंतू जागा धरतात आणि अरिष्टाचे शुक्त होते. म्हणून अनेक वैद्य आधी लिटरभर विरजण करून घेतात : एक लिटर क्वाथाला साधारण १०० ग्रॅम गूळ, दहा-पंधरा मिनिटे उकळी, पूर्ण निववणे, आणि मग किण्व. कोरडे यीस्ट घ्यावे की मागील चांगल्या संधानाचा गाळ, हा वाद येथे नको. अडचण येते ती उकळीत.

नुसते पाणी उतू जात नाही. त्यातील वाफेचे बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात. गुळाच्या पाण्यात मात्र उसाच्या रसातून आलेली प्रथिने व चिकट द्रव्ये असतात. अर्जुन, शतावरी, यष्टिमधु, गोखरू यांच्या क्वाथात फेस धरणारी रिठ्याच्या जातीची द्रव्ये, म्हणजे सॅपोनिन, असतात. ही बुडबुड्यांभोवती पातळ पण चिवट पडदा धरतात, बुडबुडा फुटत नाही, खालून नवी वाफ येतच राहते आणि फेसाचा थर भांड्याच्या कडेवर चढतो. दुधाचेही असेच होते, तेथे पडदा सायीचा. पहिली उकळी सर्वांत धोक्याची. काही मिनिटांत प्रथिने गोठून मळीच्या रूपाने वेगळी होतात आणि फेस आपोआप बसतो. म्हणजे जागे राहण्याचा काळ उकळीच्या आधीची दोन मिनिटे आणि नंतरची पाच, एवढाच. नेमक्या याच वेळी फोन वाजतो!

काही वर्षांपासून विरजणासाठी शंकूच्या आकाराचा काचेचा चंबू वापरण्याची पद्धत पडली आहे. प्रयोगशाळेचे भांडे वापरल्याचे समाधान त्यात असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल अर्लेनमायर यांनी १८६० च्या सुमारास हा चंबू पुढे आणला. त्याच्या निमुळत्या मानेमुळे द्रव न सांडता हलवता येतो, हा त्याचा गुण. फेसाच्या बाबतीत तोच गुण दोष होतो. टोपात फेस बोटभर चढायला जितका वेळ लागतो, त्याच्या थोड्या अंशात तो चंबूच्या मानेतून वर येतो, कारण वर जाता जाता जागा अरुंद होत जाते. शिवाय काचेच्या गुळगुळीत तळाशी बुडबुडा धरायला खरखरीत जागा नसल्याने द्रव उत्कलनबिंदूच्या वर तापून एकदम उसळतो. विरजण उकळावे टोपात आणि निवल्यावर, हवे तर, चंबूत ओतावे. लिटरभर विरजणाला दोन लिटरांहून लहान भांडे घेऊ नये. निवताना स्वच्छ झाकण ठेवावे, पण उकळताना ठेवू नये. क्वाथ उघड्या तोंडाच्या भांड्यात, मंद अग्नीवर करावा हा निर्देश आपल्या परंपरेत आहेच. झाकणाखाली फेसाला थंड हवा लागत नाही, त्यामुळे तो अधिक वेगाने चढतो.

क्वाथ उतू जाण्याचे खरे नुकसान ओट्यावरच्या डागाचे नसते. उतू गेलेला भाग पाण्याचा नव्हे, फेसाचा असतो, आणि फेसात औषधी द्रव्यांचा अंश अधिक जातो. मग अष्टमांश किंवा चतुर्थांश अवशेषाचे माप पाळूनही औषध ते राहत नाही. त्याहून गंभीर बाब शेगडीची. उतू गेलेला क्वाथ ज्योत विझवतो, पण वायू चालूच राहतो. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताकडे जातो. आपल्याकडे कोणता आहे ते पाहून खालची की वरची हवा खेळती ठेवायची ते ठरवावे. ज्योत विझली असता आधी बटण बंद करावे, दिव्याच्या बटणाला हात लावू नये, खिडक्या उघडाव्यात. उकळता गूळपाक अंगावर उडाला तर तो पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून राहतो आणि खोलवर भाजतो. अशा वेळी २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली भाग धरणे हा प्रथम उपचार. आपली घृते व लेप त्यानंतर.

या बाबतीत कोल्हापूरच्या गुऱ्हाळाकडून शिकण्यासारखे बरेच आहे. काहिलीत शेकडो लिटर रस उकळताना गुळव्या तो उतू जाऊ देत नाही. रानभेंडीच्या चिकाने तो मळी वर आणतो आणि झाऱ्याने काढून टाकतो. फेस अनावर झाला की थोडे तेल शिंपडतो. स्निग्ध पदार्थाचा थेंब बुडबुड्याच्या पडद्यात शिरला की पडदा फाटतो. वरणात तेलाचा थेंब टाकणारी गृहिणी हेच करीत असते. आमच्या मते गूळ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, गाळून, मळी काढून मगच क्वाथात घालावा. तो घालताना ज्योत बंद असावी, कारण उकळत्या क्वाथात टाकलेला गुळाचा खडा हमखास ऊत आणतो.

येथे एक जुनी गोष्ट नव्याने लक्षात येते. चरकसंहितेत संधानासाठी ठिकठिकाणी घृतभावित पात्र सांगितले आहे. मातीच्या घड्याची छिद्रे बुजावीत हा त्याचा उघड हेतू, आणि तोच आपण शिकलो. परंतु त्या तुपाने फेसही आवरत असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. आपण मातीचा घडा सोडून स्टील आणि चिनी मातीच्या बरण्या घेतल्या. छिद्रे नाहीत म्हणून तूपही सोडले. टोपाच्या आतल्या कडेला, द्रवाच्या वर दोन बोटे, तुपाचे बोट फिरवून पाहावे. चढता फेस त्या रेषेशी अडखळतो. बाजारात फेस मोडणारे सिलिकोनचे थेंब मिळतात आणि परदेशी घरगुती मद्य करणारे ते वापरतात. पाठात नसलेले असे द्रव्य आपल्या औषधात घालणे आम्हांस मान्य नाही.

उकळीचा ऊत टळला म्हणजे सुटलो असे नाही. दुसरा ऊत किण्व घातल्यावर येतो, आणि तो थंड असतो. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे २७ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. अनुक्तमानाचे प्रमाण घेतले, म्हणजे एक द्रोण द्रव, एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मे मध आणि दशांश प्रक्षेप, तर ४.८ किलो गुळातून निघणारा वायू हजार लिटरांच्या घरात जातो. पात्राचा चौथा भाग रिकामा ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. फेसाळ क्वाथासाठी आम्ही तिसरा भाग रिकामा ठेवतो. विरजण किंवा मध घालण्यापूर्वी क्वाथ कोमटाहून थंड असावा, ३५ अंशांच्या खाली. गरम द्रवात किण्व मरते आणि मधही तापवू नये हे आपण जाणतोच.

सर्वांत मोठी उसळी येते ती चालू संधानात कोरडा प्रक्षेप टाकल्यावर. द्रव वायूने भरलेला असतो, आणि चूर्णाचा प्रत्येक कण बुडबुड्याला बसायला जागा देतो. सोड्याच्या पेल्यात मीठ टाकल्यावर जे होते तेच वीस लिटरांच्या बरणीत होते. प्रक्षेप आरंभीच घालावा. उशिरा घालणे भागच असेल तर थोड्या द्रवात कालवून, थोडा थोडा घालावा. पहिले तीन-चार दिवस तोंडावर दुपदरी स्वच्छ फडके बांधावे आणि संधिबंधन नंतर करावे. मातीचे पात्र आणि मातीने माखलेली कापडपट्टी श्वास घेत असत, स्टीलचे घट्ट झाकण घेत नाही. फेस कापडापर्यंत आला तर कापड त्याच दिवशी बदलावे, कारण वर्सोव्यात भाद्रपदात चिलटे तासाभरात जमतात आणि अरिष्ट आंबट करणारे जंतू त्यांच्या पायांवरून येतात. खोली बंद असेल तर आत जाण्यापूर्वी दार काही वेळ उघडे ठेवावे. जळती काडी पात्राच्या तोंडाशी विझते ही संधान चालू असल्याची आपली परीक्षा. ज्या वायूने ती विझते तो जड असतो, आणि बंद खोलीत खालच्या बाजूस साचतो.

रथसप्तमीला आपण गोवऱ्यांवर दूध मुद्दाम उतू घालवतो. औषधशाळेत तेवढा एक दिवस सोडून, विरजणाच्या टोपाजवळ उकळीची सात मिनिटे एक माणूस हातात पळी घेऊन उभा असावा. त्याच्याकडे त्या वेळी दुसरे काम देऊ नये, पुड्या बांधण्याचेसुद्धा नाही.