सौम्य आम्ले आणि नित्याच्या वापरातील पदार्थ

लिंबू, चिंच, आमसूल, ताक आणि व्हिनेगर यांची आंबट चव त्यांतील आम्लांमुळे येते. लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, ताकात लॅक्टिक, तर व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते. हरभऱ्याच्या पाल्यावरील आंबेतही मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्लाचे प्रमाण शेकडा 5 ते 6 असते. ही आम्ले सौम्य होत; म्हणजे पाण्यात मिसळल्यावर त्यांच्या रेणूंपैकी थोडेच विघटन पावतात. म्हणूनच ती आपण खाऊ शकतो. मात्र जे जिभेला सोसते ते भांड्याला सोसेलच असे नाही. सौम्य आम्लाचा परिणाम आम्लाइतकाच ज्या पदार्थाशी त्याची गाठ पडते त्यावरही अवलंबून असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रयोगाने पटवून द्यावी.

प्रयोगास फारसे साहित्य लागत नाही. काचेच्या सहा वाट्यांत लिंबाचा रस घ्यावा. त्यांत अनुक्रमे शिंपल्याचा तुकडा, काळ्या पाषाणाची कपची, साबणाने धुतलेला लोखंडी खिळा, काळवंडलेली तांब्याची तार, स्टीलचा चमचा आणि चिनीमातीची खापरी टाकावी. तेच सहा पदार्थ दुसऱ्या सहा वाट्यांत साध्या पाण्यात ठेवावेत, म्हणजे तुलना करता येते. लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी काय दिसले याची नोंद मुलांकडून करवून घ्यावी.

शिंपल्यावर ताबडतोब बुडबुडे दिसू लागतात. शिंपला, अंड्याचे कवच आणि चुनखडी यांत मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट असते. आम्लाशी संयोग होताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू मुक्त होतो. हा वायू रबरी नळीने चुन्याच्या निवळीत सोडल्यास निवळी दुधाळ होते. येथे एक सावधगिरी हवी. वर्गातील खडू घेऊन हाच प्रयोग केला तर काही खडूंवर बुडबुडे येतील, काहींवर येणार नाहीत. पुष्कळसे खडू चुनखडीचे नसून जिप्समचे केलेले असतात. प्रयोग फसला असे न मानता हाच भेद शिकवावा. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लिंबाच्या रसात स्वस्थ पडून राहतो. मात्र त्याच्या पोकळीत पांढरा कॅल्साइट असेल, तर तेवढ्या जागी तो फसफसतो.

याचे व्यवहारातील उदाहरण पाहण्यास दूर जावे लागत नाही. पनवेलजवळील खांदा कॉलनीसारख्या सिडकोने वसविलेल्या वसाहतींतील स्वयंपाकघरांत कोठे कडाप्पाचा, तर कोठे ग्रॅनाइटचा ओटा आढळतो. काळा ग्रॅनाइट आणि काळा कडाप्पा दूरून सारखेच दिसतात. परंतु कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे. चिरलेले लिंबू त्यावर काही वेळ राहिले तर झिलई जाऊन तेथे फिकट डाग पडतो. ग्रॅनाइटवर तसा डाग पडत नाही. शहाबादी फरशी आणि संगमरवर हेही चुनखडीच्याच जातीचे असल्याने ते व्हिनेगरने पुसू नयेत. कडाप्पावरील असा डाग घासून निघत नाही, कारण तेथे काही चिकटलेले नसून दगडाचाच थर विरघळलेला असतो.

आता धातूंकडे वळावे. खिळ्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे धरतात. लोखंडी कढईत आंबट पदार्थ काळपट होतो तो लोखंड विरघळल्यामुळेच. तांब्याच्या तारेवर बुडबुडे येत नाहीत, पण तिचा काळा थर निघून ती लखलखीत होते. हा थर तांब्याच्या ऑक्साइडचा असतो व तो आम्लात विरघळतो. चिंचेने तांब्यापितळेची भांडी उजळतात याचे कारण हेच. मात्र भांडे उजळविणारी ही क्रिया अन्नात घडली तर घातक ठरते. आंबट पदार्थ भांड्यात राहिला की हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तांबे हळूहळू त्यात उतरते. ताक किंवा आमटी 'कळकली' असे घरोघरी म्हणतात, ती हीच अवस्था होय. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, वांत्या व पोटदुखी होते. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवण्यास हरकत नाही. परंतु लिंबूपाणी, कोकम सरबत किंवा ताक त्यात कदापि ठेवू नये.

कल्हईची योजना याचसाठी आहे. भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून त्यावर कथिलाचा पातळ थर फिरवितात. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते आणि अन्नातील आंबटपणाला बऱ्याच अंशी दाद देत नाही. थर झिजून आतील लाल किंवा पिवळा धातू दिसू लागला की कल्हई पुन्हा करविली पाहिजे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे नैसर्गिक आवरण असते, पण आंबट पदार्थ त्यात फार वेळ राहिल्यास तेही झिजते. स्टीलमधील क्रोमियममुळे बनणारे आवरण अधिक टिकाऊ असते. काच व चिनीमाती यांवर या आम्लांचा परिणाम दिसत नाही. लोणचे चिनीमातीच्या बरणीत घालण्याची आपली जुनी रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे.

शालेय पोषण आहाराची भांडी हा या पाठाचा उत्तम विषय आहे. आमटी शिजताच ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून स्टीलच्या भांड्यात काढण्याचा प्रघात शाळेने ठेवावा. आपल्या घरी ताक, चिंचेचा कोळ आणि लोणचे कशात ठेवतात याचा तक्ता मुलांनी करून आणावा आणि त्यावर वर्गात चर्चा घडवावी. शौचालय धुण्याचे आम्ल मात्र वर्गात आणू नये. ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने कातडी व डोळे भाजतात आणि ब्लीचिंग पावडरीशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. लिंबू, शिंपला आणि तार एवढ्यावरही पाठ पूर्ण होतो. कळकलेले ताक टाकून द्यावे हे आजीचे सांगणे मूल पाळतच असते. ते का पाळावे हे त्याला या पाठाने समजले पाहिजे.