तोंडी हिशेब, हक्काचे पैसे



पाड्यावरच्या रात्रवर्गात मी बायकांना तोंडी हिशेब शिकवते. समजा, मोहफुलांचा भाव किलोला 40 रुपये आणि वजन पावणेचार किलो. आधी पुरते चार किलो धरायचे : चार चोक सोळा, म्हणजे 160. मग जादा धरलेल्या पाव किलोचे पैसे वजा करायचे. पाव म्हणजे निम्म्याचे निम्मे : 40 चे 20, 20 चे 10. राहिले 150. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत ती यासाठीच. आठवडी बाजारात व्यापारी 140 टेकवू लागला, तर उरलेले दहा तिथल्या तिथे मागता येतात. अशा दहा खेपांत 100 रुपये, म्हणजे अडीच किलो फुलांचे दाम वाचतात. घरच्या मुलांनाही भाजी घेताना असा हिशेब करायला लावा.