धूर प्रथम पाहणारा

पुस्तकांचीं दुकानें, भाजीबाजार, सरस्वती भुवनची शाळा आणि सणासुदीची गर्दी यांनीं छत्रपति संभाजीनगरांतील औरंगपुरा सदा गजबजलेला असतो. येथील जिल्हा परिषदेच्या मैदानावर ता. २९ ऑक्टोबर २०१६ रोजीं, ऐन दिवाळींत, फटाक्यांच्या बाजारास आग लागली आणि पाहतां पाहतां शंभराहून अधिक दुकानें भस्मसात् झालीं. खरेदीस आलेल्यांच्या दृष्टीनें तो बाजार होता. परंतु माल मांडणारा नोकर, पैसे मोजणारा कारकून आणि खोकीं उतरविणारा हमाल यांच्या दृष्टीनें तें मैदान म्हणजे त्यांची कामाची जागा होती. हें ध्यानांत घेतलें म्हणजे कामावरील सुरक्षितता हा विषय केवळ धुराड्यांच्या जगाचा राहत नाहीं. तो दुकानाचा, कचेरीचा आणि पर्यायानें प्रत्येक घराचा होतो.

अशा संकटाची पहिली चाहूल कोणास लागते? मालकास नव्हे, तपासनिसासहि नव्हे. यंत्राचा बदललेला आवाज, तारेचा जळका वास, दारापाशीं घोटाळणारा अनोळखी इसम, हें सर्व प्रथम जाणवतें तें तेथें रोज राबणाऱ्या माणसास. म्हणून त्यानें बोलणें आणि वरिष्ठानें ऐकणें, या दोन गोष्टींवर सारी सुरक्षितता उभी असते.

मुंबईच्या गोदींतील स्फोटाचा इतिहास याची साक्ष देतो. ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज उभें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या होत्या. दुपारीं साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजावरून धूर दिसला होता. पण पाहणारानें तो कोणास कळविला नाहीं. जेवणाची सुटी संपवून हमाल परतले, तेव्हां कोठें हाकाटी झाली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि थोड्याच वेळानें दुसरा. शेंकडों माणसें दगावलीं. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहींत. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळण्यांत येतो. ज्या घटकांत धूर दिसूनहि तोंडें मिटलेलीं राहिलीं, त्या मात्र कोणास परत आणतां आल्या नाहींत.

माणसें गप्प कां बसतात? ‘तें माझें काम नव्हे’ हें एक कारण. ‘खोटें ठरलें तर लोक हसतील’ हें दुसरें. तिसरें कारण सर्वांत घातक, तें म्हणजे बोलणाऱ्यावरच ठपका येण्याचें भय. ज्या ठिकाणीं सूचना देणाऱ्यास ‘कामचुकार’ म्हटलें जातें, तेथें भिंतीवर कितीहि घोषवाक्यें रंगविलीं तरी तीं रंगच राहतात.

वाळूज येथें ता. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोज्यांच्या एका कारखान्यास आग लागून आंत झोपलेले ६ कामगार मृत्यु पावले. अशा घटनांनंतर आणखी एक प्रश्न मनांत येतो. चोरांपासून राखण आणि आगीपासून बचाव यांची कधीं कधीं गांठ पडते. एकच दार उघडें ठेवून बाकीच्यांना कुलपें घातलीं म्हणजे माल सांभाळला जातो. पण तेंच कुलूप अडचणीच्या वेळीं आंतल्या माणसाचा वैरी होतें. म्हणून रखवालदार आणि कामगार यांनीं एकत्र बसून, कोणतें दार केव्हां आणि कसें उघडावें, हें आधींच ठरवून त्याचा सराव करावा.

कायद्यानेंहि ही गोष्ट उशिरां कां होईना मान्य केली. कारखान्यांचा कायदा १९४८ चा. भोपाळ येथील १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ सालीं, त्यांत दुरुस्ती होऊन धोक्याच्या उद्योगांत सुरक्षा समितींत कामगारांना समान स्थान आणि समोर उभ्या ठाकलेल्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. पुढें २०२० च्या नव्या संहितेनें त्या कायद्याची जागा घेतली. परंतु हक्क कागदावर असणें निराळें आणि तो बजावण्याचें धैर्य येणें निराळें.

हें धैर्य सवयीनें येतें. पाळी सुरू होण्यापूर्वीं पांच मिनिटें आजच्या कामांतील धोक्यांची चर्चा करावी. थोडक्यांत टळलेल्या अपघाताची नोंद ठेवावी आणि ती देणारास शिक्षा नव्हे, शाबासकी द्यावी. दिलेल्या सूचनेचें काय झालें हें त्यास आठवड्याभरांत सांगावें. उत्तर ‘नाहीं’ असलें तरी कारणासह सांगावें. कंत्राटी आणि नवख्या मजुरास त्याच्या भाषेंत समजावावें. आणि साहेब यंत्रशाळेंत शिरतांना स्वतः शिरस्त्राण घालणार नसेल, तर त्यानें दुसऱ्यास उपदेश करूं नये.

शेवटची गोष्ट घराची. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजीं स्थापन झाली. तो दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. पण घरांतून प्रत्येक दिवशीं एक प्रश्न विचारतां येतो. कामावरून परतलेल्या माणसास ‘आज किती काम झालें?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज कांहीं धोक्याचें दिसलें का, आणि तें कोणास सांगितलें का?’ असें विचारावें. घरीं ज्याचें ऐकून घेतलें जातें, तो दुसऱ्या दिवशीं कामावरहि तोंड उघडतो.