सशाने दिलेला पुरावा

पेशी उपाशी राहिली, की स्वतःचेच जुने भाग इवल्या पिशव्यांत भरून पचवते. हे स्वभक्षण. त्याच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पिशव्यांना एलसी-३ हे प्रथिन चिकटलेले असते. त्याचा अंश सशाला टोचला, की सशाच्या रक्तात ते प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. पेशींच्या अर्कातील एलसी-३ ती हुडकतात आणि तपासणीच्या पडद्यावर रेघ उमटते.

रेघ ठळक, म्हणजे स्वभक्षण जोरात? थांबा! मोरीत पाणी साठले, तर नळ मोठा सोडलेला असेल किंवा मोरी तुंबली असेल. बोळा घालून पाहा. पाणी अधिक झपाट्याने चढले, तर आधी निचरा होत होता. संशोधकही औषधाने पचन रोखून पाहतात. रेघ आणखी ठळक झाली, तरच पचन चालू होते असे म्हणता येते.