उधारी मागताना जीभ का अडते? धंदेवाल्यांसाठी मनाची पुस्तकं



नवीन बॅचला मी पहिल्याच दिवशी विचारतो, "उधारी मागायला फोन उचलताना कुणाच्या पोटात गोळा येतो?" निम्म्याहून जास्त हात वर जातात. माल आपला, पैसा आपला आणि लाज पण आपल्यालाच! मार्जिन, जीएसटी, स्टॉक रजिस्टर हे सगळं शिकवून होतं, पण तो फोन काही लागत नाही. म्हणून या वेळी मार्केटिंगची पुस्तकं बाजूला ठेवू आणि मनाच्या पुस्तकांबद्दल बोलू.

मानसशास्त्राचं पुस्तक म्हटलं की बरेच जण 'गिऱ्हाइकाचं मन कसं ओळखावं' हेच शोधतात. त्यासाठी डॅनियल कानेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (2011) आहेच. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला जास्त टोचतं, हे त्यात फार छान उलगडून सांगितलंय. पण गिऱ्हाइकाआधी गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं मन कळायला हवं. तिथे माझी पहिली शिफारस अल्बर्ट एलिस.

एलिस (1913-2007) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. 1955 च्या सुमारास त्यांनी आरईबीटी ही उपचारपद्धती मांडली. मराठीत अंजली जोशी यांनी त्यांच्या आयुष्यावर 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

एलिस स्वतःच सांगायचे तो एक किस्सा सेल्समध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. तरुणपणी ते मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. वयाच्या 19 व्या वर्षी त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिन्याभरात ते 130 जणींच्या शेजारी जाऊन बसले. 30 जणी तिथल्या तिथे उठून गेल्या. उरलेल्या 100 जणींशी ते बोलले. भेटायचं कबूल केलं फक्त एकीने, आणि तीही आली नाही!

धंद्याच्या भाषेत कन्व्हर्जन शून्य. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आकाश कोसळलं नाही. एलिस यांची भीती तिथे गळून पडली. 'नकार म्हणजे भयंकर' ही समजूत शंभर वेळा खोटी ठरली ना!

त्यांच्या पद्धतीचा गाभाही साधाच आहे. घटना थेट त्रास देत नाही. घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपली समजूत बसलेली असते. पार्टीने फोन उचलला नाही, ही घटना. 'लोकांनी माझ्याशी चांगलंच वागलं पाहिजे' किंवा 'पैसे मागितले की मी हलका ठरतो', ही समजूत. मग चिडचिड, ॲसिडिटी आणि पुढचे चार फोन टाळणं. यातला 'पाहिजेच'चा हट्ट एलिस पकडतात. पार्टीने वेळेवर द्यावं असं वाटणं रास्त आहे. द्यायलाच पाहिजे, नाहीतर मी संपलो, हे मात्र आपण स्वतःच जोडलेलं शेपूट आहे. आणखी एक गोष्ट ते ठासून सांगतात: माणसाच्या कामाला मार्क द्या, आख्ख्या माणसाला नको. सिझन फेल गेला म्हणजे तुम्ही फेल गेलात असं नाही. दिवाळीनंतर दुकानात माल पडून राहिला की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आता ओळखीचा मुद्दा. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि चहा पिता पिता स्वतःच म्हणतो. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग 1970 च्या आसपासचे. अगदी फुटकळ निमित्त सांगून मुलांचे दोन गट केले, खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढ्याशा लेबलाने जर हे होतं, तर पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेलं लेबल काय करत असेल!

इथे मात्र थोडं थांबायला हवं. सगळंच काही मनात नसतं. दया पवारांचं 'बलुतं' (1978) वाचा. धंद्याचं पुस्तक नाही ते, पण कुणी कोणतं काम करायचं आणि कुणाच्या हातचं घ्यायचं हे गावाने आधीच ठरवून टाकलेलं असतं, तेव्हा माणसाच्या आत काय होतं, ते त्यात कळतं. आडनाव ऐकून गाळा नाकारला जातो तेव्हा 'तुझी समजूत बदल' असं सांगणं हा शहाणपणा नव्हे. तिथे पाठीशी माणसं लागतात. पुण्यात 2005 साली उभी राहिलेली डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांची चेंबर, त्याचसाठी आहे. आपली अडचण मनातली की बाहेरची, हे वेगळं करायला दोन्ही प्रकारची पुस्तकं लागतात. काहींची तर दोन्हीकडची असते.

वाचायचं कसं? महिन्याला एक पुस्तक वगैरे टार्गेट नको. दुकान वाढवल्यावर दहा पानं पुरेत. रोजमेळाच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखा: काय घडलं, मी मनात काय म्हणालो, मग मी काय केलं. पंधरा दिवस लिहिलंत की तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल. मग उधारीची यादी घ्या आणि सगळ्यात लहान रकमेपासून फोन सुरू करा. रोज पाच. पैसे आले की नाही हे वेगळं लिहा, फोन केला की नाही हे वेगळं.

आणि झोप उडाली असेल, दुकान उघडायचीच इच्छा होत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर पुस्तक मिटून ठेवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.